विश्लेषण : बॉम्बचाचणीच्या जंगलात हरणाची शिकार… अमेरिकेच्या लष्करी तळांवर वन्यजीव कायदा राबवतो कोण?

फ्लोरिडा राज्यातील एग्लिन हवाई तळ हे अमेरिकेचे शस्त्रचाचणीचे मोठे केंद्र आहे. ‘मदर ऑफ ऑल बॉम्ब्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाकाय बॉम्बची चाचणी मार्च २००३ मध्ये इथेच झाली. मात्र याच तळाच्या जंगलात शिकारीच्या हंगामात सामान्य नागरिक बंदूक घेऊन हरणाच्या मागावर फिरतात आणि तळ्याकाठी गळ टाकून बसतात. हे सगळे लष्कराच्या परवानगीने चालते. मग तिथे कुणी रात्री दिव्याच्या झोतात हरीण मारले किंवा संरक्षित पक्ष्याचे झाड तोडले, तर त्याला पकडायचे कुणी? लष्कराने, राज्याच्या वन्यजीव खात्याने की केंद्र सरकारने? आणि युद्धसराव हेच मुख्य काम असलेल्या लष्कराला या कामात रस का असावा?

लष्कराकडे एवढे जंगल आले कुठून?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ताब्यात सुमारे अडीच कोटी एकर जमीन आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक तृतीयांश. तोफांचा मारा, विमानांतून बॉम्बफेक, रणगाड्यांचा सराव यांना मोठे मैदान लागते आणि त्याभोवती सुरक्षेसाठी रिकामा पट्टाही सोडावा लागतो. या रिकाम्या पट्ट्यांत घरे, शेती, मॉल, महामार्ग असे काहीच होत नाही. परिणामी, आजूबाजूचा प्रदेश शहरांनी व्यापत गेला तरी तळाच्या कुंपणाआडचे जंगल टिकून राहिले.

एग्लिन याचे ठळक उदाहरण. या तळाचा विस्तार सुमारे ४ लाख ६४ हजार एकर, म्हणजे बृहन्मुंबईच्या तिप्पट आहे. यातील मोठा भाग पूर्वी चॉक्टाहॅची राष्ट्रीय वन होता. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये हे वन अमेरिकेच्या तत्कालीन युद्ध खात्याकडे सोपवण्यात आले. जंगल लष्कराचे झाले, पण तिथे पिढ्यानपिढ्या शिकार आणि मासेमारी करणारे स्थानिक लोक तिथेच राहिले. त्यामुळे ‘कुंपण घातले, आता कुणी यायचे नाही’ असे म्हणणे लष्कराला सोपे नव्हते. आजही लष्करी तळांवरील शिकार आणि मासेमारीमागे स्थानिकांशी संबंध राखणे, सैनिकांना विरंगुळा देणे आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवणे ही तीन कारणे आहेत.

शिकारीबाबतचा कायदा कधी आला?

अमेरिकेत हरीण, रानटर्की, मासे यांच्या शिकारीचे हंगाम आणि मर्यादा राज्ये ठरवतात. लष्करी तळ मात्र केंद्राच्या ताब्यात. त्यामुळे राज्याचा नियम आपल्याला लागू नाही, अशी भूमिका काही तळांवर घेतली जात असल्याची राज्यांची तक्रार होती. कुंपणाबाहेर हंगाम संपलेला असताना आत मात्र शिकार सुरू, असा हा प्रकार.

त्यावर तोडगा म्हणून १९५८ मध्ये ‘एंगल कायदा’ आला. कॅलिफोर्नियाचे लोकप्रतिनिधी क्लेअर एंगल यांच्या नावाने तो ओळखला जातो. लष्करी तळावरची शिकार, मासेमारी आणि सापळे लावणे हे त्या-त्या राज्याच्या कायद्यानुसारच व्हावे, शिकाऱ्याकडे राज्याचा परवाना असावा आणि राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्यांना सुरक्षेचे नियम पाळून तळावर येता यावे, असे या कायद्याने ठरले. गणवेशातील अधिकाऱ्यालाही यातून सूट मिळाली नाही.

दोन वर्षांनी, १९६० मध्ये ‘साइक्स कायदा’ मंजूर झाला. त्याची मुळे एग्लिनमध्येच आहेत. एग्लिनवरील वन्यजीव व्यवस्थापनासाठी १९४९ मध्ये एक स्वतंत्र कायदा झाला होता. त्याच भागाचे लोकप्रतिनिधी रॉबर्ट साइक्स यांनी हीच कल्पना देशभरातील तळांसाठी पुढे नेली. तळावर शिकार आणि मासेमारीसाठी शुल्क घेता येईल, पण ते पैसे त्याच तळाच्या वन्यजीव संवर्धनावर खर्च करावे लागतील, ही यातील महत्त्वाची तरतूद. म्हणजे एग्लिनच्या शिकाऱ्याने भरलेले पैसे टेक्सासच्या तळावर वळवता येत नाहीत, रणगाड्यांच्या डिझेलसाठीही वापरता येत नाहीत.

१९९७ मध्ये या कायद्यात मोठी सुधारणा झाली. त्यापूर्वी संवर्धन आराखडा करणे बऱ्याच अंशी ऐच्छिक होते. सुधारणेनंतर लक्षणीय नैसर्गिक संपदा असलेल्या प्रत्येक तळाला असा आराखडा करणे बंधनकारक झाले. तो केंद्राची ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’ आणि राज्याचे वन्यजीव खाते यांच्याशी मिळून करायचा आणि किमान दर पाच वर्षांनी त्याचा आढावा घ्यायचा. याच सुधारणेत आणखी दोन गोष्टी आल्या. नैसर्गिक संपदेबाबतचे केंद्रीय कायदे लष्करी तळांवर राबवण्याचा अधिकार संरक्षण खात्याला स्पष्टपणे मिळाला. शिवाय त्यासाठी पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी नेमावेत, असेही कायद्यात नमूद झाले.

तळावर शिकारीला जायचे तर काय करावे लागते?

एका शिकाऱ्याला साधारण तीन पातळ्यांवर परवानगी लागते. पहिला राज्याचा परवाना. बदकांसारख्या स्थलांतरित पाणपक्ष्यांची शिकार करायची असेल, तर १६ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या शिकाऱ्याला केंद्राचे ‘डक स्टॅम्प’ही घ्यावे लागते. ही पद्धत १९३४ पासून सुरू आहे. तिसरा म्हणजे त्या तळाचा स्वतःचा परवाना.

तळाच्या परवान्याआधी सुरक्षेची माहिती घ्यावी लागते आणि ती महत्त्वाची असते. सरावाच्या मैदानात न फुटलेले तोफगोळे मातीत, गवतात, ओढ्यात पडलेले असू शकतात. त्यासाठी अमेरिकी लष्कराचा तीन कलमी साधा नियम आहे : ओळखा, मागे फिरा, कळवा. गोळा हलवायचा नाही, आठवण म्हणून घरी न्यायचा नाही.

अनेक तळांवर आता ही सगळी प्रक्रिया ‘आयस्पोर्ट्समन’ या ऑनलाइन प्रणालीवर चालते. तळाच्या जमिनीचे क्रमांक दिलेले छोटे विभाग पाडलेले असतात. आज कोणता विभाग खुला, कोणता सरावासाठी बंद, कुठे किती जणांना जागा आहे, हे मोबाइलवर दिसते. शिकारी आत जाताना ‘चेक-इन’ करतो, बाहेर पडताना ‘चेक-आउट’ करतो आणि काय मारले याची नोंद देतो. एखाद्या विभागात अचानक गोळीबाराचा सराव ठरला, तर तो विभाग बंद केला जातो.

अंमलबजावणीच्या दृष्टीने ही प्रणाली उपयोगी आहे. जंगलातल्या वाटेवर गाडी उभी आहे, पण त्या विभागात कुणाचेच चेक-इन नाही, हे गस्तीवरच्या अधिकाऱ्याला लगेच कळू शकते. संध्याकाळ झाली तरी कुणी चेक-आउट केले नसेल, तर तो माणूस अडचणीत आहे का, हे पाहता येते. शिकारीच्या नोंदीही जीवशास्त्रज्ञांच्या कामाला येतात. मारलेल्या हरणाचे वजन आणि दातांची झीज पाहून त्याचे वय ठरवतात आणि त्यावरून कळपाच्या प्रकृतीचा अंदाज बांधतात. खोटी नोंद हा केवळ कागदोपत्री गुन्हा नाही, कारण पुढच्या वर्षीची मर्यादा याच आकड्यांवर ठरते.

नियम मोडणाऱ्याला पकडतो कोण?

अमेरिकेत १८७८ च्या ‘पॉसी कोमिटाटस’ कायद्याने नागरी कायदा राबवण्यासाठी सैन्याचा वापर करण्यावर कडक मर्यादा आहेत. तळाच्या आत सुव्यवस्था राखण्याचा अधिकार मात्र तळप्रमुखाला असतो. पण लष्करी पोलिसाचे प्रशिक्षण वेगळे. हरणाला लागलेली गोळी दिवसा झाडली की रात्री, हा मासा मर्यादेपेक्षा लहान आहे का, हे पिसे कोणत्या पक्ष्याचे, हे त्याला शिकवलेले नसते.

म्हणून तळांवर खास ‘संवर्धन अंमलबजावणी अधिकारी’ असतात. यातील बहुतेक जण गणवेशातील सैनिक नसून केंद्र सरकारचे नागरी कर्मचारी असतात. ते शस्त्रधारी असतात आणि पोलिसी कामाबरोबर वन्यजीव कायद्याचे प्रशिक्षण घेतात. जॉर्जिया राज्यात ग्लिन्को इथे केंद्राचे कायदा अंमलबजावणी प्रशिक्षण केंद्र आहे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांच्या अधिकाऱ्यांप्रमाणे मरीन कोअरचे संवर्धन अधिकारीही तिथे शिकतात. हवाई दलाच्या काही तळांवर वेगळी व्यवस्था आहे. तिथे करारानुसार फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचेच अधिकारी काम पाहतात. शिवाय एंगल कायद्यामुळे राज्याचे वन्यजीव अधिकारीही येऊ शकतात.

या अधिकाऱ्यांचे रोजचे काम परवाने तपासणे, मासे मोजणे, बंद रस्त्यावर घातलेल्या गाड्या अडवणे, हंगामाबाहेर लावलेले सापळे शोधणे असे असते. रात्री गाडीच्या किंवा हातदिव्याच्या झोतात हरणाचे डोळे दिपवून त्याला मारणे हा सर्वात जुना आणि धोकादायक प्रकार. लष्करी तळावर त्याचा धोका दुप्पट, कारण त्याच अंधारात सैनिकांचा रात्रीचा सरावही सुरू असू शकतो. चोरट्या शिकाऱ्याची गोळी हरणाला चुकली, तर ती कुठे जाईल सांगता येत नाही.

मग खटला कुठे चालतो?

हा भाग सर्वात गुंतागुंतीचा आहे. कारण ‘लष्करी जमीन’ ही कायद्याच्या दृष्टीने एकच गोष्ट नाही. काही जमिनीवर फक्त केंद्राचा अधिकार चालतो. काहींवर केंद्र आणि राज्य दोघांचाही. काहींवर केंद्र केवळ मालक असते आणि फौजदारी कायदा मुख्यतः राज्याचा चालतो. एकाच तळावर, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या तुकड्यांना वेगवेगळे नियम लागू असू शकतात. म्हणजे हरीण ओढ्याच्या अलीकडे मारले की पलीकडे, यावर न्यायालय बदलू शकते. त्यामुळे संवर्धन अधिकाऱ्याला जंगलाबरोबर जमिनीच्या नकाशाचीही पक्की माहिती लागते.

ही फट बुजवण्यासाठी काही कायदे एकत्र वापरले जातात. एंगल कायद्यानुसार राज्याचा शिकारीचा नियम तळावर मोडला, तर राज्यात जेवढी शिक्षा असते तेवढीच केंद्राच्या न्यायालयातही देता येते. एखाद्या कृत्यासाठी केंद्राचा कायदाच नसेल, तर राज्याचा फौजदारी कायदा उसना घेण्याची सोय वेगळ्या कायद्याने आहे. बेकायदा मारलेला प्राणी राज्याच्या सीमेबाहेर नेऊन विकला, तर १९०० चा ‘लेसी कायदा’ लागतो. स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९१८ चा आणि संकटग्रस्त प्रजातींसाठी १९७३ चा कायदा आहे. संकटग्रस्त प्रजातीला जाणूनबुजून मारल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि ५० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

किरकोळ गुन्ह्यात अधिकारी जागेवरच केंद्रीय न्यायालयाची नोटीस हातात देतो. वाहतूक पोलिसाच्या पावतीसारखीच. तिची नोंद टेक्सासमधील सॅन अँटोनिओ इथल्या ‘सेंट्रल व्हायोलेशन्स ब्युरो’कडे होते. दंड भरून प्रकरण मिटवता येते किंवा फेडरल मॅजिस्ट्रेटपुढे बाजू मांडता येते. गुन्हेगार सैनिक असेल, तर त्याच्यावर लष्करी कायद्यानुसारही कारवाई होऊ शकते.

याशिवाय तळप्रमुखाच्या हातात एक वेगळे हत्यार असते, ते म्हणजे प्रवेशबंदी. लेखी बंदी घातल्यानंतर ती व्यक्ती पुन्हा तळावर आली, तर तो स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वडिलांपासून त्याच तळावर शिकारीला जाणाऱ्या माणसासाठी ही बंदी दंडापेक्षा जड जाते.

लष्कराला याची एवढी काळजी का?

याचे उत्तर एका छोट्या सुतार पक्ष्यात आहे. आग्नेय अमेरिकेतील ‘रेड-कॉकेडेड वुडपेकर’ हा पक्षी जुन्या, जिवंत पाइन वृक्षात ढोली कोरतो. एक ढोली पुरी व्हायला त्याला अनेकदा काही वर्षे लागतात. लाँगलीफ पाइनची जुनी जंगले तोडली गेली तसा हा पक्षीही कमी होत गेला आणि १९७० मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवण्यात आले. उरलेली चांगली जंगले कुठे होती? तर एग्लिन, उत्तर कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग अशा लष्करी तळांवर. या जंगलाला अधूनमधून हलकी आग लागते. तोफगोळ्यांमुळे सरावाच्या मैदानात ती आपोआप लागत राहिली.

१९९० च्या सुमारास फोर्ट ब्रॅगवर पेच उभा राहिला. लष्कराच्या कामांमुळे पक्षी धोक्यात येत असल्याचा निष्कर्ष वन्यजीव यंत्रणेने काढला आणि सरावावर निर्बंध आले. ढोली असलेल्या झाडांवर पांढरे पट्टे रंगवले गेले. त्यांच्याभोवती सुमारे ६० मीटरच्या परिघात मुक्काम, खोदकाम अशा गोष्टींवर बंदी आली. देशाच्या अत्यंत महत्त्वाच्या हवाई छत्रीदलाला एका पक्ष्याला वळसा घालून सराव करावा लागत होता.

तेव्हापासून लष्कराने हिशेब बदलला. पक्षी वाढले, तर निर्बंध कमी होतील. पक्षी घटले, तर वाढतील. १९९७ च्या सुधारणेत म्हटले आहे, की संवर्धन आराखड्यामुळे जमिनीची लष्करी उपयुक्तता कमी होता कामा नये. २००३ मध्ये आणखी एक तरतूद आली. तळाच्या आराखड्याचा संबंधित प्रजातीला खरोखर लाभ होत असेल, तर ती जमीन संकटग्रस्त प्रजातीचा ‘अत्यावश्यक अधिवास’ म्हणून जाहीर केली जात नाही.

इथे अंमलबजावणीचा मुद्दा येतो. आराखड्यात ‘संरक्षित क्षेत्रात वाहन नेण्यास मनाई’ असे लिहिले, पण तिथे गाड्या सर्रास फिरत असतील, तर ‘लाभ होतो’ हा दावा टिकणार कसा? म्हणजे जंगलात गस्त घालणारा अधिकारी एका अर्थाने लष्कराचे सरावाचे मैदानच राखत असतो. लष्कराचा यातील रस निसर्गप्रेमापुरता नाही, त्यात सरळ स्वार्थ आहे. आणि म्हणूनच तो टिकून राहिला आहे.

याचा परिणाम दिसतो का?

काही ठिकाणी स्पष्ट दिसतो. रेड-कॉकेडेड वुडपेकरचे समूह एकेकाळी सुमारे १,४७० पर्यंत घटले होते. आता ते ७,८०० च्या आसपास आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, ‘धोक्यात’ असा करण्यात आला. या वाढीत वन खात्याची आणि खासगी जंगलांचाही वाटा आहे, पण लष्करी तळांचा वाटा मोठा आहे.

एग्लिनमधील ‘ओकालूसा डार्टर’ या जेमतेम दोन इंचांच्या माशाची गोष्ट अधिक बोलकी आहे. जगात तो फक्त या परिसरातील काही छोट्या ओढ्यांत सापडतो आणि त्या ओढ्यांचा बहुतांश भाग तळाच्या हद्दीत आहे. १९७३ मध्ये तो संकटग्रस्त ठरला, तेव्हा सुमारे दीड हजार मासे उरल्याचा अंदाज होता. कच्चे रस्ते आणि मुरमाच्या खाणींतून वाहून येणारी माती ओढ्यात साचत होती. खाणी बुजवल्या, ओढ्यांवरचे रस्ते नीट केले. आता या माशांची संख्या काही लाखांवर गेली असून २०२३ मध्ये त्याला संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आले. ओढ्याकाठी चिखलात गाडी घालणाऱ्याला अडवणे क्षुल्लक का नाही, हे यावरून कळते.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण मनुष्यबळाची. लाखो एकरांच्या तळावर संवर्धन अधिकारी मोजकेच असतात. कायदा ‘पुरेसे कर्मचारी’ म्हणतो, पण पुरेसे म्हणजे किती, हे आकड्यात सांगत नाही. निधीची चणचण असेल तेव्हा संरक्षण खात्यात गस्तीच्या गाडीपेक्षा दारूगोळ्याला प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे.

दुसरी अडचण पदांच्या उतरंडीची. तळप्रमुख दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. एकाला संवर्धनात रस असतो, दुसऱ्याला नसतो. तळावरचा वरिष्ठ अधिकारीच नियम मोडताना सापडला, तर त्याला नोटीस देणारा नागरी कर्मचारी त्याच तळप्रमुखाच्या हाताखाली असतो. राज्याच्या अधिकाऱ्यांना तळावर येऊ देण्याची १९५८ ची तरतूद इथे आजही उपयोगी ठरते, कारण ते तळप्रमुखाचे ऐकण्यास बांधील नसतात.

तिसरी अडचण प्रवेशाची. सुरक्षेचे कारण देऊन एखादा भाग बंद करता येतो आणि ते कारण बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. त्यामुळे ‘खरोखर सराव आहे की निव्वळ कटकट नको’ अशी शंका स्थानिक शिकाऱ्यांच्या मनात येत राहते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात चित्र मुळातच वेगळे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर वन्यप्राण्यांच्या शिकारीवर जवळपास पूर्ण बंदी आहे. त्यामुळे लष्करी जमिनीवर शिकारीचा परवाना हा प्रश्नच उद्भवत नाही. संरक्षण खात्याच्या ताब्यात सुमारे १८ लाख एकर जमीन आहे. तिथेही वन्यजीव कायदा लागू असतो. तो राबवण्याची मुख्य जबाबदारी राज्याच्या वन खात्याची असते, लष्कराचे स्वतंत्र शस्त्रधारी संवर्धन दल तिथे नसते.

कुंपणाचा फायदा मात्र इथेही दिसतो. जगात माळढोक पक्षी आता दीडशेहूनही कमी उरल्याचा अंदाज आहे आणि राजस्थानातील पोखरणचे गोळीबार मैदान हे त्याच्या शेवटच्या महत्त्वाच्या आश्रयस्थानांपैकी एक आहे. दुसरीकडे, माळढोकसाठी खास राखलेल्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात तो आता क्वचितच दिसतो. माणसांची ये-जा नसणे हेच पोखरणमध्ये त्याच्या पथ्यावर पडले. पण कुंपण आपोआप संरक्षण देते, असे समजणे धोक्याचे आहे. अमेरिकेचा अनुभव सांगतो, की कुंपणाने जंगल उरते. त्यातले प्राणी उरण्यासाठी मात्र लेखी आराखडा, त्यासाठी राखीव पैसा आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूस, असे तिन्ही लागते.